पलंगाखालची बाटली

मी पायदळातला माणूस. कर्नल म्हणून निवृत्त झालो, मूळचा बेळगावचा, आणि गेली दहा वर्षं बेंगळुरूत राहतो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण आजचा विषय डॉक्टरांचा वाटेल. फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर छातीतून एक नळी बाहेर येते आणि ती पलंगाखाली ठेवलेल्या बाटलीत जाते. त्या नळीबद्दल आणि त्या बाटलीबद्दल मी बोलणार आहे. नळी घालायची कधी आणि काढायची कधी, हे सर्जन ठरवतात. पण चोवीस तासांतले तेवीस तास तिच्या शेजारी सर्जन नसतो, घरचा माणूस असतो. माझ्या दादाच्या वेळी तो माणूस मी होतो.

दादा एकाहत्तर वर्षांचा, निवृत्त हेडमास्तर. खोकला बरेच दिवस हटेना म्हणून बेळगावात एक्स-रे काढला, त्यात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठ दिसली. मग सीटी स्कॅन, सुईने तुकडा काढून तपासणी, आणि शेवटी बेंगळुरूतल्या एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन. हॉस्पिटलचं नाव घेणार नाही. उजव्या फुप्फुसाला तीन कप्पे असतात, त्यातला वरचा काढला. ऑपरेशन उत्तम झालं. वहिनी आणि मी आत गेलो तेव्हा दादा अर्धवट शुद्धीत होता, आणि त्याच्या बरगड्यांमधून निघालेली बोटाएवढी जाड पारदर्शक नळी खाली एका बाटलीत गेली होती. बाटलीत तांबूस पाणी होतं आणि त्यात बुडबुडे येत होते.

वहिनी माझा दंड धरून म्हणाल्या, "भाऊजी, हे काय उकळतंय?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे अशा बाटल्या मी पाहिल्या होत्या. आमच्या एका जवानाला छातीत गोळी लागली होती, त्याला भेटायला मी पुण्याच्या लष्करी हृदय-छाती केंद्रात गेलो होतो. तिथे एकेका पलंगाखाली काचेची बाटली होती. फळं दिली, पाठीवर हात ठेवला आणि परत आलो. त्या बाटल्या काय करतात हे विचारायचं सुचलं नाही. त्याच्याही आधी, लहानपणी, घरात मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं नाव दबक्या आवाजात निघायचं, कारण तिथे क्षयाच्या रुग्णांचं हॉस्पिटल होतं. छातीचा आजार म्हटला की आमच्या भागातल्या माणसाला अजूनही विचारण्यापेक्षा गप्प बसणं सोपं वाटतं.

तर आता एक प्रयोग करू. हे पाहणाऱ्यांनी आणि नंतर पुस्तकात वाचणाऱ्यांनीही एक पेला पाणी आणि एक स्ट्रॉ घ्यावी. स्ट्रॉचं टोक पाण्याखाली साधारण दोन सेंटिमीटर ठेवा. आता फुंका. बुडबुडे आले, म्हणजे हवा बाहेर गेली. आता तोंडाने हलकेच ओढा. स्ट्रॉमध्ये पाणी वर चढलं, पण हवा आत आली नाही. बस. पलंगाखालच्या त्या बाटलीत एवढंच आहे. हवेला आणि पाण्याला बाहेर जायला दार उघडं, आत यायला बंद. हॉस्पिटलात तिला अंडरवॉटर सील म्हणतात आणि नळीला आयसीडी. वॉर्डात तुम्हाला हेच दोन शब्द ऐकू येतील.

याची गरज का पडते? फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये दोन पातळ आवरणं असतात आणि त्यांच्यामध्ये चमचा-दोन चमचे ओलावा. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून फुप्फुस छातीला चिकटून फुगलेलं राहतं. छाती उघडली की तो कमी दाब जातो आणि फुप्फुस रिकाम्या पिशवीसारखं आक्रसतं. ऑपरेशननंतर कापलेल्या जागेतून थोडं रक्त पाझरतं, पाणी पाझरतं, आणि पुष्कळदा उरलेल्या फुप्फुसातून हवाही सुटत राहते. ही सगळी आतच साठली तर फुप्फुस फुगणार कसं? म्हणून नळी.

हॅम्बुर्गच्या ब्यूलाउ नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत एकोणिसाव्या शतकात वापरली आणि १८९१ मध्ये त्यावर लिहिलं. पण ती सगळ्यांच्या गळी उतरायला फौजेतले मृत्यू लागले. ही गोष्ट मला फौजी म्हणून विशेष लागते. १९१८ साली अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत गोवर आणि इन्फ्लुएंझा यांच्या साथी होत्या. त्यातून न्यूमोनिया, आणि न्यूमोनियातून छातीत पू. सर्जन लोकांचा जुना नियम असा की पू दिसला की चीर देऊन मोकळा करायचा. गळवाला तो नियम बरोबर आहे. छातीला नाही. बरगडीचा तुकडा काढून छाती उघडी केली की बाहेरची हवा आत शिरायची, आधीच दमलेलं फुप्फुस आक्रसायचं आणि वीस-बावीस वर्षांची पोरं टेबलावर नाहीतर त्यानंतर थोड्याच वेळात जायची. सरासरी मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, काही छावण्यांत त्याहून पुष्कळ जास्त.

लष्कराने चौकशीला मंडळ नेमलं. त्यात एव्हार्ट्स ग्रॅहम नावाचे तरुण सर्जन होते. त्यांनी सांगितलं की सुरुवातीला छाती उघडू नका. सुईने किंवा बंद नळीने पू काढा, हवा आत जाऊ देऊ नका, आणि फुप्फुस छातीला चिकटल्यावर मग हवं तर उघडा. जिथे हे पाळलं तिथे मृत्यू दहा टक्क्यांच्या खाली आले. औषध नवं नव्हतं, यंत्रही नवं नव्हतं, पेनिसिलिन तर अजून जन्मायचं होतं. फक्त हवेची दिशा सांभाळली. याच ग्रॅहमनी १९३३ मध्ये कर्करोगासाठी एका रुग्णाचं एका बाजूचं पूर्ण फुप्फुस एकाच बैठकीत काढलं आणि तो रुग्ण जगला. ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढणारे. ते १९५७ मध्ये फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले, आणि त्यांचा तो रुग्ण त्यांच्यामागेही काही वर्षं होता.

परत दादाकडे येऊ. ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. सफाईवाल्या बाई पोछा मारत पलंगाखाली गेल्या आणि बाटलीला धक्का लागता लागता राहिला. फौजेत तीस वर्षं मी एकच गोष्ट शिकलो आणि शिकवली: महत्त्वाचं सामान पायात ठेवायचं नाही. मी बाटली उचलली आणि शेजारच्या लॉकरवर, पाण्याच्या जगाच्या बाजूला, व्यवस्थित ठेवली. मनात म्हटलं, झालं काम.

नळीतलं तांबूस पाणी दादाच्या दिशेने परत सरकायला लागलं.

तेवढ्यात केरळची एक सिस्टर आत आली. पंचविशीची पोर असेल. तिने औषधांचा ट्रे तिथेच टाकला आणि बाटली माझ्याकडे न बघता खाली ठेवली. मग म्हणाली, "सर, आप फौजी हो ना? पानी ऊपर से नीचे जाता है." इतकं सरळ वाक्य मला कुठल्याही ब्रिगेडियरने सुनावलं नव्हतं. बाटली छातीच्या वर गेली की त्यातलं पाणी परत छातीत जाऊ शकतं, आणि ते पाणी आता स्वच्छ नसतं. दादाला काही झालं नाही. पण चूक माझी होती, दुसऱ्या कोणाची नाही.

त्या रात्री मी स्ट्रॉचा प्रयोग मनात परत केला, आणि खाली ठेवण्याचं दुसरं कारण कळलं. माणूस श्वास आत घेतो तेव्हा बाटलीतलं पाणी नळीत वर ओढलं जातं. साध्या श्वासाला काही सेंटिमीटर, जोराच्या श्वासाला आणखी. बाटली जमिनीवर असेल तर छातीपर्यंतची उंची त्याच्या कितीतरी पट आहे, पाणी पोहोचूच शकत नाही. ते अंतर हेच संरक्षण आहे. म्हणून चालताना बाटली गुडघ्याच्या पातळीवर, खुर्चीत बसताना पायापाशी, आणि कधीही मांडीवर नाही. आणि ती सरळ उभी पाहिजे. आडवी झाली तर नळीचं टोक पाण्याबाहेर येतं आणि दार दोन्ही बाजूंनी उघडतं.

नळीला झोळ पडू द्यायचा नाही, हेही त्या सिस्टरनेच शिकवलं. लांब नळी पलंगावरून खाली लोंबून परत वर चढत असेल तर त्या झोळात पाणी साठतं आणि वाट अडवतं. जास्तीची नळी पलंगावर आडवी गुंडाळून ठेवायची आणि तिथून सरळ खाली सोडायची. सिग्नलच्या केबलला आम्ही हेच करायचो, त्यामुळे हा एक मुद्दा मला लगेच जमला. रुग्ण कुशीवर वळला की नळी त्याच्या अंगाखाली दबलेली नाही ना, हे दर वेळी बघायचं.

आता चौथा दिवस. याच्यासाठीच खरं तर मी आज इथे बसलो आहे.

दादाच्या फुप्फुसातून हवा अजून सुटत होती. बुडबुडे नुसते खोकल्याला नाही, साध्या उच्छ्वासालाही येत होते. सर्जन म्हणाले, होतं असं, काही दिवसांत बुजेल. त्या सकाळी पलंगापाशी येणारं एक्स-रे मशीन बंद होतं, म्हणून दादाला व्हीलचेअरवरून दोन मजले खाली न्यायचं ठरलं. न्यायला आलेला पोरगा चांगला होता, नम्र होता. त्याने खिशातून दोन मोठे चिमटे काढले आणि नळीला लावले. पाणी सांडू नये, बाटली हलली तर हवा जाऊ नये, म्हणून. बाटली त्याने दादाच्या मांडीवर ठेवली. मी लगेच म्हटलं, नाही, खाली. मला फार अभिमान वाटला. चिमट्यांबद्दल मी काही बोललो नाही. मला वाटलं, नळी घट्ट बंद केली म्हणजे जास्त सुरक्षित.

खाली एक्स-रेच्या दारात रांग होती. दहा मिनिटं गेली असतील. दादा कन्नड वर्तमानपत्राचा मथळा वाचत होता, तो थांबला. म्हणाला, "बाळ, जरा दम लागतोय." मग श्वास भराभर व्हायला लागला. कपाळावर घाम. मानेच्या शिरा फुगल्या. मी विचारलं, "दादा, काय होतंय?" तर त्याला पुरं वाक्य बोलता येईना. हेडमास्तर माणूस, आयुष्यभर बोललेला. माझ्याकडे नुसता बघत राहिला.

काय चाललं होतं ते सांगतो. फुप्फुसातून प्रत्येक श्वासाला थोडी हवा छातीच्या पोकळीत येत होती. जायचा एकच रस्ता, तो आम्ही चिमट्याने बंद केला होता. हवा साठत गेली, फुप्फुस दाबलं गेलं, मग ती हवा हृदयाला आणि मोठ्या शिरांना दुसऱ्या बाजूला ढकलू लागते आणि हृदयाकडे रक्तच परत येईनासं होतं. याला टेन्शन न्यूमोथोरॅक्स म्हणतात. मिनिटांत माणूस जाऊ शकतो.

एक्स-रेवाल्या बाईंनी दारातून पाहिलं, त्या धावत आल्या आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर दोन्ही चिमटे काढले. बाटलीत चहाला यावी तशी उकळी आली. मी त्या बुडबुड्यांकडे बघत उभा होतो. दोन-तीन मिनिटांत दादाच्या ओठांवर रंग आला. आणखी थोड्या वेळाने तो म्हणाला, "झालं का रे माझ्या नंबराचं?"

मी लेखी तक्रार दिली. त्या पोराविरुद्ध नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. जवानाची चूक झाली की आधी त्याच्या प्रशिक्षणाची फाईल मागवायची, ही आमची सवय. आणि मला तरी कोणी सांगितलं होतं? म्हणून मी तुम्हाला सांगतो. हवा सुटत असलेल्या माणसाची नळी वाहतुकीसाठी बंद करायची नाही. एक्स-रेला नेताना नाही, लिफ्टमध्ये नाही, बाथरूमला नाही. बंद करतात ती बाटली बदलताना काही क्षण, किंवा नळी काढण्याआधी चाचणी म्हणून, तीही सर्जनच्या सांगण्यावरून आणि कोणीतरी लक्ष ठेवून असताना. कोणी चिमटा घेऊन आलं तर शांतपणे विचारा, "हवा अजून येतेय, तरी बंद करायची का? डॉक्टरांना विचारलंय का?" एवढा प्रश्न पुरतो. भांडायची गरज पडत नाही.

नळी बाटलीपासून निसटली तर? तिचं टोक जवळच्या स्वच्छ पाण्याच्या बाटलीत दोन सेंटिमीटर बुडवा, बाटली खाली धरा आणि सिस्टरला हाक मारा. स्ट्रॉ आणि पेला, तेच. नळी छातीतूनच निघाली तर त्या भोकावर लगेच गॉज किंवा स्वच्छ कापड धरायचं आणि ओरडायचं. तिथे पट्टी तीन बाजूंनीच चिकटवतात, चौथी मोकळी ठेवतात, म्हणजे आतली हवा बाहेर पडू शकते. ते काम त्यांचं, आपलं काम हात ठेवण्याचं आणि आवाज देण्याचं.

बघायचं काय, हेही सांगतो. नळीतलं पाणी श्वासाबरोबर वर-खाली होतं, ते जिवंतपणाचं लक्षण आहे. अचानक हलायचं थांबलं तर एकतर फुप्फुस पूर्ण फुगलंय, नाहीतर नळी बुजलीय किंवा दबलीय. पहिलं आनंदाचं, दुसरं धोक्याचं, आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून सांगायचं. सक्शन लावलेलं असेल तर हे वर-खाली दिसत नाही, तेव्हा घाबरू नका. पाण्याचा रंग पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी, मग गवती चहाच्या काढ्यासारखा पिवळट होत जातो. उलटा प्रवास झाला, पिवळ्याचं परत लाल झालं, किंवा तासाभरात दोनशे मिलिलिटरच्या आसपास रक्त आलं, तर थांबायचं नाही. जेवण सुरू झाल्यावर पाणी दुधाळ झालं तर तेही लगेच सांगायचं, अन्नातली चरबी वाहून नेणारी नलिका दुखावलेली असू शकते. आणि गळ्याची, छातीची कातडी सुजून दाबल्यावर बारीक करकर लागली, तर हवा कातडीखाली पसरतेय.

मी बाटलीवर चिकटपट्टी लावली आणि दर तीन तासांनी पेनाने पातळीची रेघ मारून वेळ लिहायला लागलो. वहीत रंग आणि बुडबुडे: "सतत", "फक्त खोकल्याला", "नाही". सिस्टर हसायच्या, म्हणायच्या सर वॉर डायरी लिहितात. पण सातव्या दिवशी सर्जननी राऊंडला माझी वही मागून घेतली, कारण बुडबुडे रात्री कमी आणि चालताना जास्त हे त्यातूनच दिसत होतं. आता काही ठिकाणी डिजिटल यंत्रं आली आहेत, ती सुटणारी हवा मिनिटाला किती मिलिलिटर हे आकड्यात दाखवतात. आमच्याकडे ते नव्हतं.

हवा पाच दिवसांहून जास्त सुटत राहिली की तिला लांबलेली गळती म्हणतात. तेव्हा घरचे धीर सोडतात. वहिनींनी सोडला होता, मीही आतून सोडला होता. वहिनी दादाला हलूच देईनात, नळी ओढली जाईल म्हणून. ही चूक आपल्याकडे मायेपोटी सर्रास होते. पडून राहिला तर कफ साठतो, फुप्फुस फुगत नाही. खोकायचं, दुखणाऱ्या बाजूला उशी दाबून धरून खोकायचं. तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र दर तासाला ओढायचं. चालायचं. आणि दुखतंय म्हणून श्वास अर्धाच घेत असेल तर गोळी मागून घ्यायची, सोसण्यात काही मर्दुमकी नाही. दादा बाटली घेऊन कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायचा, मी मागून. एकदा म्हणाला, "शाळेत घंटा घेऊन असाच हिंडायचो."

गळती थांबतच नसेल तर काही रुग्णांना एकमार्गी झडप लावून घरी सोडतात. तिला हाइमलिक व्हॉल्व्ह म्हणतात. छोट्या डबीत चपटी रबरी नळी, हवा आतून आली की फडफडत उघडते, बाहेरून आली की ओठ मिटतात. पाणी नको, बाटली नको. व्हिएतनामच्या युद्धात ती फार कामाला आली, कारण धावपळीत आणि हेलिकॉप्टरमध्ये पाण्याची बाटली सरळ कोण धरणार? घशात घास अडकल्यावर पोटावर दाब देऊन काढायची युक्ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे डॉक्टर हाइमलिक.

दादाला ती लागली नाही. नवव्या दिवशी पहाटे बाटलीत बुडबुडा नव्हता. मी वहीत "नाही" लिहिलं आणि सहाला, नऊला, बाराला परत बघितलं. दहाव्या दिवशी सर्जन आले. पाणी दिवसाला दीडशे मिलिलिटरवर आलं होतं. पूर्वी शंभर-दीडशेच्या खाली आल्याशिवाय नळी काढत नसत, आता बरेच सर्जन तीनशे-चारशेपर्यंतही काढतात, हवा सुटत नसली आणि पाणी स्वच्छ असलं तर. दादाला श्वास धरून ठेवायला सांगितलं, एका झटक्यात नळी काढली, आधीच घातलेला टाका ओढून गाठ मारली. दहा सेकंदांचं काम. मग एक्स-रे. त्या वेळी पलंगापाशीच.

अकराव्या दिवशी घरी सोडलं. पुतण्याने बेळगावची विमानाची तिकिटं काढली होती, तासाभराचा प्रवास. ती रद्द करायला लावली. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो, आणि त्या दाबाला बंदिस्त हवा साधारण तिसऱ्या हिश्श्याने फुगते. छातीत थोडीशी हवा राहिली असेल तर तीही फुगेल. बेंगळुरूत विमानपुऱ्याला हवाई दलाची एअरोस्पेस मेडिसिनची संस्था १९५७ पासून आहे, या शहरात तरी ही गोष्ट कोणाला नवी वाटू नये. विमान कधी, हे सर्जनना विचारून ठरवा, सहसा काही आठवडे थांबायला सांगतात.

आम्ही राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने गेलो. खालचा बर्थ, डाव्या कुशीवर दादा. रात्री कधीतरी तो लघवीला उठला आणि उतरायच्या आधी त्याचा हात बर्थखाली बाटली शोधायला गेला. मीही वाकलो होतो.

एवढंच. जय हिंद.